पॉरपॉइजचं गोठवलेलं आतडं: परजीवी काढायचे कसे, ठेवायचे कशात, ओळखायचे कसे?

प्रश्न: फतेगंज_प्राणिशास्त्र

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या एका प्रयोगशाळेत फिनलेस पॉरपॉइज या डॉल्फिनसारख्या छोट्या समुद्री सस्तन प्राण्याचं जठर आणि आतडं येणार आहे. जनावर खंभातच्या आखातात, महीच्या मुखाच्या बाजूला मेलेलं सापडलं होतं. शवविच्छेदन पशुवैद्यांनी केलं, परवानगीची कागदपत्रं वनखात्यामार्फत झाली आहेत. दोन्ही टोकं दोऱ्याने बांधून सगळं उणे २० अंशांवर ठेवलेलं आहे. यकृत वेगळ्या पिशवीत आहे असं कळतं.

काम आतड्यातले कृमी मोजून निदान प्रजाती गटापर्यंत ओळखण्याचं आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यांची पद्धत माहीत आहे, समुद्री सस्तन प्राण्यांची नाही. म्हणून विचारतो:

विरघळवायचं कसं? आतड्याचे किती तुकडे पाडायचे? पुस्तकात सगळीकडे ७० टक्के इथेनॉल लिहिलंय, पण गुजरातेत त्याचं परमिट संस्थेच्या नावावर आहे आणि नूतनीकरण अडकलंय. तोवर कशात ठेवायचं? जठरात अ‍ॅनिसाकिस हा गोलकृमी मिळेल हे गृहीत धरलंय, पण खास आतड्यात काय अपेक्षित आहे? आणि काहीच मिळालं नाही तर?

सांगाड्याचा अभ्यास करायचा तर कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळा देवमासा उभा आहे, पण हाडांत कृमी नसतात. त्यामुळे ही संधी वाया घालवायची नाही.

---

उत्तर १: कृमिकोश

आधी एक गोष्ट पक्की करा: कृमी कुठून निघाला हे तो बरणीत पडायच्या आधी लिहिलं गेलं पाहिजे. समुद्री सस्तन प्राण्यांत जागा ही ओळखीची अर्धी किल्ली असते. जठराचा कृमी, पित्तनलिकेचा कृमी आणि गुदाशयाजवळचा कृमी असे तिन्ही एकाच डब्यात गेले, तर पुढे कितीही चांगला मायक्रोस्कोप असला तरी माहिती परत मिळत नाही.

विरघळवणं: ४ अंशांच्या फ्रीजमध्ये, पिशवीसकट, ट्रेमध्ये ठेवून. जाड गोळा असेल तर दोन दिवस लागतात. गरम पाण्यात टाकू नका. बाहेरचा थर शिजतो आणि आतला बर्फच राहतो. पिशवीत सुटलेलं पाणीही टाकायचं नाही, ते गाळणीतून जाऊ द्या. सैल झालेले कृमी त्यातच असतात.

तुकडे: डॉल्फिन-पॉरपॉइजमध्ये लहान आतडं कुठे संपलं आणि मोठं कुठे सुरू झालं हे बाहेरून दिसत नाही, बहुतेक दंतधारी जातींना आंधळं आतडं (सीकम) नसतंच. म्हणून शेळीसारखे 'डुओडेनम, जेजुनम, सीकम' हे कप्पे इथे चालत नाहीत. आतडं न ताणता मोजा आणि २० सारखे तुकडे करा. लांबी शरीराच्या दहापटीच्या आसपास भरू शकते; समजा १५ मीटर भरली, तर एक तुकडा ७५ सेंमी. क्रमांक जठराकडून सुरू करा, १ ते २०, आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना कापण्याआधी दोरा बांधा. दोरा बांधायचा राहिला तर शेजारच्या तुकड्यात माल सरकतो आणि वितरणाचा सगळा तक्ता खोटा होतो.

प्रत्येक तुकडा बोथट टोकाच्या कात्रीने लांबीत उघडा. आतले पदार्थ ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात (लिटरला ९ ग्रॅम सोडियम क्लोराइड) बादलीत घ्या. समुद्राचा प्राणी म्हणून समुद्राचं पाणी वापरायचा मोह होतो. ते चुकीचं आहे. यजमानाच्या शरीरातला द्रव आपल्यासारखाच असतो आणि कृमी त्याच क्षारतेला सरावलेला असतो. साध्या नळाच्या पाण्यात गोलकृमी फुगून फुटतात. नंतर आतली त्वचा काचेच्या स्लाइडच्या कडेने हलकेच खरवडा, तेही त्याच बादलीत. १५-२० मिनिटं बसू द्या, वरचं गढूळ पाणी ०.२ मिमीच्या जाळीतून ओता, परत मिठाचं पाणी, परत बसू द्या. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. जाळी विकत घ्यायला परवडत नसेल तर प्लँक्टनच्या जाळीचं २०० मायक्रॉनचं कापड पीव्हीसी पाइपच्या कड्यावर ताणून बसवा. घरची पीठ चाळायची चाळण वापरू नका, तिची छिद्रं मोठी असतात आणि बारीक पर्णकृमी त्यातून जातात.

गाळ दोन ट्रेमध्ये बघा, एक काळा, एक पांढरा. फिकट गोलकृमी आणि पट्टकृमी काळ्यावर दिसतात, अंड्यांनी काळपट झालेले पर्णकृमी पांढऱ्यावर. उरलेला गाळ स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली थोडा थोडा, घाई न करता.

आतड्यात काय मिळेल, तर मुख्यतः चार गट.

काटेरी सोंडेचे कृमी, म्हणजे अ‍ॅकँथोसेफाला. डॉल्फिन-देवमाशांत बोल्बोसोमा हा नेहमीचा वंश, सीलमध्ये कोरिनोसोमा. बोल्बोसोमाच्या धडाच्या पुढच्या टोकाला काट्यांचा एक फुगा असतो आणि तो आतड्याच्या भिंतीत खोल रुतलेला असतो, कधी कधी बाहेरच्या बाजूने गाठ म्हणून हाताला लागतो. ओढू नका. ओढला की सोंड भिंतीत राहते आणि ओळख सोंडेवरच्या आकड्यांच्या रांगा व संख्या यांवरच अवलंबून आहे. भोवतीची भिंत चौकोनी कापून घ्या आणि सुया घेऊन सोडवा. ताजा कृमी असता तर रात्रभर थंड पाण्यात ठेवून सोंड बाहेर काढता आली असती; तुमचे गोठून मेलेले आहेत, आत ओढलेली सोंड आता बाहेर येणार नाही. त्यांना लॅक्टोफिनॉलमध्ये पारदर्शक करून आतल्या आत आकडे मोजायचे.

पट्टकृमी. टेट्राबोथ्रियस हा सिटेशियन (देवमासे, डॉल्फिन, पॉरपॉइज) प्राण्यांच्या आतड्यात सर्रास. डोक्यावर चार चोषक आणि प्रत्येकाला कानासारखी पाळ. स्ट्रोबिलिसेफालस अगदी शेवटच्या भागात असतो, डोकं भिंतीत रुतवून; म्हणून १९ आणि २० क्रमांकाचे तुकडे कंटाळून उरकू नका. डायफायलोबोथ्रियमच्या गटातलेही मिळू शकतात. गोठवल्याने साखळी तुटते. त्यामुळे तुकडे मोजायचे नाहीत, डोकी मोजायची.

पर्णकृमी: ब्रॅकिक्लॅडिडी कुळातले. त्यातला सिंथेसियम आतड्यात असतो, बाकीचे बहुतेक पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिकांत. ब्राउनिना कॉर्डिफॉर्मिस हा हृदयाच्या आकाराचा, काही मिलिमीटरचा, जठराच्या शेवटच्या भागात आणि आतड्याच्या सुरुवातीला चिकटलेला असतो. नवखा माणूस त्याला सुजलेली गाठ समजून सोडतो.

गोलकृमी आतड्यात मिळाले तर बहुतेक वेळा ते जठरातून खाली आलेले असतात. अ‍ॅनिसाकिसचं घर जठर आहे. मृत्यूनंतर ते वर अन्ननलिकेत, तोंडापर्यंत आणि खाली आतड्यातही सरकतात. म्हणून आतड्यातला अ‍ॅनिसाकिस मोजा, पण 'आतड्याचा परजीवी' असं नाव देऊ नका.

अल्कोहोलच्या प्रश्नाला माझं उत्तर: थांबू नका, डेस द्रावण बनवा. ५०० मिलीसाठी: सुमारे ३५० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात डायसोडियम ईडीटीए डायहायड्रेट ४६.५ ग्रॅम टाका. ते विरघळणार नाही, पांढरं गढूळच राहील, घाबरू नका. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या थोड्या थोड्या टाकत जा, साधारण ५ ग्रॅमच्या आसपास पीएच ८ ला पोचतो आणि तेव्हाच ईडीटीए विरघळतं. मग डायमिथाइल सल्फॉक्साइड १०० मिली. पाण्याने ५०० मिली करा. शेवटी मीठ, तळाशी न विरघळलेले दाणे राहीपर्यंत. झाकणावर पांढरे कण जमले तर द्रावण बिघडलं असं नाही. कृमीच्या आकारमानाच्या दहापट द्रावण हवं, म्हणजे छोट्या कुपीत दहा कृमी कोंबायचे नाहीत. यात आकारही टिकतो, डीएनएही, आणि परमिट लागत नाही. डायमिथाइल सल्फॉक्साइड त्वचेतून आत जातं आणि बरोबर विरघळलेलं काहीही आत नेतं, तेव्हा हातमोजे घाला आणि ओले झाले की लगेच बदला.

फॉर्मलिन डीएनएच्या नमुन्यांना नको. पर्णकृमी आणि पट्टकृमी रंगवून स्लाइड करायचे असतील तर त्यांतले काही वेगळे ठेवा.

---

उत्तर २: शवचिकित्सा_आणंद

वरच्या उत्तराशी बहुतांशी सहमत. २० तुकड्यांबद्दल मात्र थोडं वेगळं म्हणणं आहे. आतडं ताजं असेल तर २० ठीक. तुमचं जनावर किती कुजलेलं होतं हे आधी शवविच्छेदनाच्या अहवालात बघा. वर्गीकरण १ ते ५ असं असतं: १ जिवंत सापडलेलं, २ ताजं मृत, ३ मध्यम कुजलेलं, ४ फार कुजलेलं, ५ वाळलेला सांगाडा किंवा ममी. वर्ग ४ असेल तर कृमींची जागा आधीच हललेली असते. मग २० तुकड्यांचा बारीक तक्ता म्हणजे नसलेल्या अचूकतेचा देखावा. तेव्हा ५ तुकडे पुरेत आणि वाचलेला वेळ जठर आणि नलिकांवर घाला.

जठर एक नाही, कप्पे आहेत: अग्रजठर, मुख्य जठर आणि पायलोरिक जठर, त्यापुढे आतड्याची सुरुवात फुगीर असते. तिन्ही वेगवेगळे बांधून घ्या. अग्रजठराच्या भिंतीवर अल्सर असेल तर अ‍ॅनिसाकिसचा पुंजका त्याच्या मध्यभागी डोकी खुपसून असतो. पुंजका मोजण्याआधी फोटो, शेजारी मापपट्टी. मुख्य किंवा पायलोरिक जठराच्या भिंतीत मटारएवढ्या घट्ट गाठी लागल्या तर चिरा देऊन बघा: मध्ये छिद्र आणि आत तपकिरी चिकट द्रव असेल तर तो फोलेटर गॅस्ट्रोफिलस. हा पर्णकृमी जेमतेम दोन-तीन मिमीचा, भिंतीत लपलेला. जठर फक्त धुऊन गाळणारा माणूस हा कृमी कधीच पाहत नाही.

यकृताची पिशवी वेगळी आहे म्हणता, चांगलं. यकृत उघडताना पित्ताशय शोधू नका, सिटेशियन प्राण्यांना ते नसतंच. पित्त आणि स्वादुपिंडाची नलिका एकत्र येऊन आतड्याच्या सुरुवातीला उघडते. ती बारीक कात्रीने उघडत आत जा. नलिका जाड, पांढरट, दोरीसारखी वाटत असेल तर आत कॅम्प्युला किंवा ब्रॅकिक्लॅडियम असण्याची शक्यता जास्त. नलिकेत पाणी जोरात मारू नका, कृमी फाटतात.

पशुवैद्यांना अजून एक विचारा: गुदद्वाराजवळच्या चरबीत पांढरे बुडबुडे दिसले होते का? ते बहुधा एका पट्टकृमीचे डिंभ (अळीच्या अवस्था) असतात. जुन्या लिखाणात फायलोबोथ्रियम डेल्फिनी नावाने येतात. प्रौढ कृमी शार्कच्या आतड्यात राहतो. डॉल्फिन इथे शार्ककडे जाण्याची पायरी आहे. तुमच्या पिशवीत चरबी नसेल, पण फोटो असतील तर मागून घ्या.

सुरक्षेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. समुद्री सस्तन प्राण्यांत ब्रुसेला सिटी हा जिवाणू मिळतो आणि गोठवण्याने ब्रुसेला मरतो असं धरून चालू नका. एरिसिपेलोथ्रिक्सही आहे, तो कापलेल्या बोटातून शिरतो. दुहेरी हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, नळाचा फवारा बंद. वापरलेलं पाणी आणि उरलेलं ऊतक ऑटोक्लेव्ह करून किंवा संस्थेच्या जैविक कचऱ्याच्या व्यवस्थेतून. बेसिनमध्ये नाही.

परवानगीचंही: सगळे सिटेशियन वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेलं जनावर सरकारच्या मालकीचं, त्याचा भागही तसाच. तेव्हा मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पत्राची प्रत फ्रीजच्या दारावर आणि नोंदवहीत, दोन्हीकडे. उरलेलं ऊतक दुसऱ्या प्रयोगशाळेला 'असंच' देऊ नका. परदेशी पाठवायचं असेल तर साइटिसची (वन्यजीव-व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परवानगी स्वतंत्र लागते.

---

फतेगंज_प्राणिशास्त्र

दादा, सर, फारच उपयोगी. अहवालात वर्ग ३ लिहिलंय. मग १० तुकडे करतो, मधला मार्ग.

दोन शंका. जठरातल्या गोलकृमींची वंशापर्यंत ओळख साध्या मायक्रोस्कोपने होईल का? आणि डीएनएसाठी पूर्ण कृमी खर्ची घालायचा का?

---

उत्तर ३: भिंगवाला_मांजलपूर

होईल. कृमी आधी पारदर्शक करा. लॅक्टोफिनॉल: फिनॉल २० ग्रॅम, लॅक्टिक आम्ल २० मिली, ग्लिसरीन ४० मिली, पाणी २० मिली. फिनॉल त्वचा भाजतं आणि सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून जास्त धोक्याचं. डेसमधून काढलेला कृमी आधी पाण्यात दोनदा खंगाळा, नाहीतर क्षाराचे स्फटिक स्लाइडवर येतात आणि सगळं दृश्य चांदण्यांनी भरतं.

मग तीन गोष्टी बघा: अन्ननलिका आणि आतडं यांच्या सांध्यावर लहानसं जठरक, म्हणजे व्हेंट्रिक्युलस, कसं आहे, आतड्यातून पुढे डोक्याकडे जाणारी आंधळी पिशवी आहे का, आणि व्हेंट्रिक्युलसपासून मागे जाणारं शेपूट आहे का. दोन्ही नसतील आणि व्हेंट्रिक्युलस लांबट असेल तर अ‍ॅनिसाकिस. पुढे जाणारी पिशवी आहे पण मागचं शेपूट नाही, तर स्यूडोटेरानोव्हा. तो मुख्यतः सीलचा. दोन्ही आहेत तर कॉन्ट्रासीकम, त्याचे प्रौढ सील आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत.

इथे एक फसगत सगळ्यांची होते. जठरात बरेच छोटे गोलकृमी भक्ष्याबरोबर आलेले असतात आणि त्यांतले काही पॉरपॉइजचे परजीवी मुळीच नसतात. हिस्टेरोथायलॅशियम हा त्यातला मुख्य. त्यातही पिशवी आणि शेपूट दोन्ही असतात, म्हणून वरवर कॉन्ट्रासीकम वाटतो. फरक उत्सर्जक छिद्राचा: अ‍ॅनिसाकिस आणि कॉन्ट्रासीकममध्ये ते अगदी डोक्याच्या टोकाला, ओठांच्या तळाशी, हिस्टेरोथायलॅशियममध्ये मागे, मज्जातंतूच्या कड्याजवळ. तो माशातच प्रौढ होतो. त्याला मोजून 'पॉरपॉइजचे परजीवी' म्हणून लिहिलं तर तुमचा आकडा माशाचा होतो. तशीच काळजी माश्यांच्या अळ्यांची. किनाऱ्यावर पडलेल्या जनावरात त्या असणारच, आणि गोठवलेल्या अळ्या घाईत कृमींत मिसळतात. अळीला खंड आणि तोंडाशी काळे आकडे असतात, गोलकृमीला नाहीत.

डिंभ असेल तर अ‍ॅनिसाकिसचे दोन प्रकार लगेच वेगळे होतात. पहिल्या प्रकारात व्हेंट्रिक्युलस लांब आणि शेपटीच्या टोकाला बारीक काटा. दुसऱ्यात व्हेंट्रिक्युलस आखूड आणि काटा नाही. पहिल्या प्रकारात सिम्प्लेक्स, पेग्रेफी, टायपिका वगैरे प्रजाती येतात, दुसऱ्यात स्पर्म व्हेलचा फायसेटेरिस. त्याच्या पुढे मायक्रोस्कोप नेत नाही. आपल्याकडच्या उष्ण पाण्यात टायपिकाची अपेक्षा ठेवा, पण अपेक्षा म्हणजे ओळख नव्हे.

डीएनएसाठी कृमीचा मधला २-३ मिमीचा तुकडा घ्या. पुढचा भाग व्हेंट्रिक्युलसच्या बराच मागे कापा, म्हणजे ओळखीचा सगळा भाग शिल्लक राहतो. नराची शेपटीही ठेवा, त्यावरच्या स्पिक्युलांची (मीलनाच्या काट्यांची) लांबी उपयोगी पडते. डोकं, शेपूट आणि डीएनएची कुपी, तिघांना एकच क्रमांक. हे चुकलं की डीएनएची क्रमवारी कोणत्या कृमीची, हे कोणीही सांगू शकत नाही.

पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवायला) डीएनएचा आयटीएस भाग, एनसी५ आणि एनसी२ प्राइमर, सुमारे १ किलोबेसचा पट्टा. हिन्फ-१ विकराने कापल्यावर सिम्प्लेक्स सेन्सू स्ट्रिक्टोचे (काटेकोर अर्थाने सिम्प्लेक्स) ६२०, २५० आणि १०० चे तुकडे पडतात, पेग्रेफीचे ३७०, ३०० आणि २५०. दोन्हींचे पट्टे एकाच रांगेत दिसले तर लगेच 'संकर' लिहू नका. दोन कृमींचा डीएनए मिसळला तरी तेच दिसतं. आधी परत काढा, मग कॉक्स-२ जनुकाची क्रमवारी बघा (२११एफ आणि २१०आर प्राइमर, ६२९ बेसच्या आसपास). कॉक्स-२ मायटोकाँड्रियाचा, म्हणून तो फक्त आईची बाजू सांगतो. दोन्ही एकत्र ठेवूनच बोलावं.

---

उत्तर १ (पुढे): कृमिकोश

अंड्यांबद्दल राहिलं होतं. शेवटच्या तुकड्यातली ५-१० ग्रॅम विष्ठा गाळायच्या आधी वेगळी ठेवा. मिठाच्या संपृक्त द्रावणावर तरंगवण्याची नेहमीची पद्धत (घनता १.२) इथे अर्धीच कामाची, कारण पर्णकृमी आणि काटेरी सोंडेच्या कृमींची अंडी जड असतात, तरंगत नाहीत. त्यासाठी गाळ बसवा: ५ ग्रॅम, २५० मिली पाणी, जाड जाळीतून गाळा, २० मिनिटं ठेवा, वरचं ओता, पाणी स्वच्छ होईपर्यंत. ब्रॅकिक्लॅडिडी कुळातल्या काहींची अंडी आडव्या छेदात तिकोनी असतात, बोल्बोसोमाची चातीसारखी दोन्ही टोकांना निमुळती. हे एकदा डोळ्यात बसलं की चुकत नाही.

आणि काही मिळालंच नाही तर? प्रत्येक तुकड्यापुढे शून्य लिहा, रिकामी जागा सोडू नका. रिकामी जागा म्हणजे 'पाहिलं नाही', शून्य म्हणजे 'पाहिलं, नव्हतं'. एका जनावरावरून 'इतके टक्के प्राणी बाधित' असं मात्र लिहायचं नाही. तीव्रता म्हणजे बाधित प्राण्यामागे कृमी. ती एका जनावराची नोंद म्हणून द्या. कृमी हजारांत असतील तर सगळे एकत्र करून १ लिटर करा, ढवळत राहून १०० मिली घ्या आणि तेवढे मोजा. पण असं किमान तीनदा, आणि तिन्ही आकडे वेगवेगळे लिहा.

---

चंबळकाठ_ग्वाल्हेर

आमच्याकडे चंबळमध्ये गंगेतला डॉल्फिन आहे. त्याच्यासाठीही हीच पद्धत का?

कृमिकोश

गाळणी, तुकडे, द्रावणं तीच. किल्ली वेगळी. अ‍ॅनिसाकिसचं चक्र समुद्रातलं आहे: अंडी विष्ठेतून पाण्यात, डिंभ क्रिल आणि कोपेपॉडसारख्या कवचधाऱ्यांत, तिथून मासे-माकूळ, शेवटी डॉल्फिन. नदीत क्रिल नाही. नदीतल्या माशांत कॉन्ट्रासीकमचे डिंभ मात्र असतात, त्यांचे प्रौढ पाणकावळे, पेलिकन यांच्यात होतात. आणि नदीच्या या डॉल्फिनला लहानसं सीकम असतं, तेव्हा तो तुकडा वेगळा बांधा. समुद्री डॉल्फिनवर तयार केलेला तक्ता जसाच्या तसा चिकटवू नका.

ड्यूगाँगचं प्रकरण त्याहून वेगळं, मंडळी. तो समुद्री गवत खातो, मासे खात नाही, म्हणून माशातून येणारे हे सगळे कृमी त्याच्या जठरात नसतात. त्याचा स्वतःचा गोलकृमी आहे, पॅराडुजार्डिनिया. कच्छच्या आखातातून कधी नमुना आलाच तर अ‍ॅनिसाकिस शोधत वेळ घालवू नका.

---

बोंबीलप्रेमी_दांडियाबाजार

विषयाबाहेरचं, माफ करा. हेच कृमी आपल्या बाजारातल्या माशांत असतात ना? घरी मासे खाणाऱ्यांनी काय करावं?

शवचिकित्सा_आणंद

डिंभ असू शकतात, आतड्याभोवती आणि पोटाच्या बाजूच्या मांसात, गुंडाळलेल्या पांढऱ्या स्प्रिंगसारखे. मासा आणल्याबरोबर आतडी काढा. मासा तसाच पडला तर डिंभ आतड्यातून मांसात सरकतात. आपलं तळणं आणि कालवण पुरेसं आहे: तुकड्याच्या मध्यात ६० अंश, किमान एक मिनिट. सुरमईचे जाड तुकडे तव्यावर वरून कुरकुरीत आणि आतून गुलाबी राहू देऊ नका. लिंबू, व्हिनेगर, मीठ यांनी तेवढ्या वेळात ते मरत नाहीत. कच्चा मासा खायचाच असेल तर अमेरिकेच्या अन्न-औषध विभागाचा नियम उणे २० अंशांवर ७ दिवस, किंवा उणे ३५ वर घट्ट गोठवून मग त्याच तापमानात १५ तास. घरचा फ्रीजर बऱ्याचदा उणे १८ च्या खाली जातच नाही, आणि दार सतत उघडलं जातं, तेव्हा त्याच्या भरवशावर सुशी नको.

एक अजून: मेलेला डिंभही काहींना अ‍ॅलर्जी देतो, कारण त्यातली काही प्रथिनं शिजवूनही टिकतात. मासा खाल्ल्यावर दरवेळी अंगावर गांधी उठत असतील आणि डॉक्टरांना 'माशाची अ‍ॅलर्जी' सिद्ध होत नसेल, तर अ‍ॅनिसाकिसची आयजीई चाचणी करता येते का हे विचारा.

---

फतेगंज_प्राणिशास्त्र

कृमिकोश दादा, शेवटचं. डेसमध्ये ठेवलेले पर्णकृमी नंतर कारमाइनने रंगवता येतील का, की रंगवायचे ते आधीच बाजूला काढू?

कृमिकोश

आधीच बाजूला काढा. गोठवलेल्या पर्णकृमीचं आवरण सोलवटलेलं असतं, रंग एकसारखा बसत नाही. त्यातले सर्वांत अखंड निवडून, दोन स्लाइडमध्ये हलका दाब देऊन १० टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवा (बाजारातलं फॉर्मलिन १ भाग, पाणी ९ भाग). दाब इतकाच की कृमी सपाट होईल आणि अंडी बाहेर येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पाण्यात धुऊन अ‍ॅसिटोकारमाइन. बाकीचे डेसमध्ये.

परमिट आलं की गोलकृमींपैकी थोडे ७० टक्के इथेनॉलमध्ये, ५ टक्के ग्लिसरीन घालून ठेवा. बाटलीचं झाकण कधी सैल झालं आणि अल्कोहोल उडून गेलं तरी ग्लिसरीन तळाशी राहतं आणि नमुना वाळत नाही. बडोद्याच्या मे महिन्यात ते उपयोगी पडतं.